उन्हाळ्याचे अल्बम निवडताना आधी घड्याळ बघा, मग पंखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोनवर ‘समर’ नावाची ६०० गाण्यांची प्लेलिस्ट आहे, ती दर उन्हाळ्यात लावता आणि चार दिवसांत कंटाळता. म्हणून यंदा सुटी गाणी बाजूला ठेवून अख्खे अल्बम जमवायचे, स्वतःचा म्हणावा असा एक संग्रह करायचा. त्यासाठी तुम्हाला ५० अल्बमची यादी हवी आहे, आणि एलपी (विनाइलच्या मोठ्या रेकॉर्ड) घ्याव्यात की स्ट्रीमिंगवर भागवावं हेही विचारलंय. घरून काम करता, दुपारभर पंखा चालू असतो आणि रात्री बाल्कनीत बसून ऐकायला आवडतं, एवढी माहिती तुम्ही दिलीत.

यादी देणं सोपं आहे. रेडिओसाठी संगीताचे कार्यक्रम आखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि घराच्या भिंती रेकॉर्डांनी भरल्यात, त्यामुळे ५० नावं बसल्या बसल्या निघतील. पण महिन्याभरात त्या यादीचं तेच होईल जे तुमच्या प्लेलिस्टचं झालं. नावं कमी पडल्यामुळे तुम्ही कंटाळला नाहीत. तुम्ही ‘उन्हाळा’ नावाचा एकच कप्पा केलात आणि पहाटे पाचला, दुपारी अडीचला आणि रात्री अकराला ऐकायचं सगळं त्यात कोंबलंत. थंडीत दिवसभर एकच अल्बम फिरवून फिरवून ऐकता येतो. उन्हाळ्यात पहाटेची तरतरी दुपारी शोधून सापडत नाही, आणि सकाळी गोड वाटलेलं गाणं तीन वाजता डोक्यात जातं. म्हणून संग्रह वेळेप्रमाणे लावा, आणि प्रत्येक अल्बम त्या त्या वेळी तुमच्या खोलीत जो काही आवाज असतो त्यात तग धरतो का, हे ऐकून मगच आत घ्या. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढे लिहितोय ती त्याची कारणं.

आधी ‘उन्हाळी’ या शिक्क्याबद्दल. त्यावर अजिबात विसंबू नका. बीच बॉईज या अमेरिकन बँडचं नाव घेतलं की लोकांना ऊन, समुद्र आणि सुट्टी आठवते. त्यांचा १९६६ सालचा ‘पेट साउंड्स’ मात्र बराचसा मोठं होताना वाटणाऱ्या एकटेपणाचा अल्बम आहे. सुट्टीच्या लहरीत लावलात तर अर्ध्यावर चेहरा उतरेल. इटालियन संगीतकार विवाल्डीचं तर विचारूच नका. १७२५ मध्ये छापून आलेल्या ‘फोर सीझन्स’मधला उन्हाळा जी मायनर या उदास छटेच्या पट्टीत आहे. त्याच्यासोबतच्या सुनीतात उन्हानं गळून गेलेली माणसं आणि मेंढरं आहेत, मधल्या संथ भागात माशा घोंगावतात, लांबवर गडगडतं, आणि शेवटी गारा उभं पीक झोडपतात. हे दोन्ही माझ्या उन्हाळ्याच्या कप्प्यात आहेत, पण विवाल्डी मी लावतो तो आभाळ भरून येऊन हवा कोंदते तेव्हा, आणि ‘पेट साउंड्स’ संध्याकाळी एकटाच असलो तर. नावात किंवा मुखपृष्ठावर ऊन आहे एवढ्यावरून काहीही कळत नाही.

रागसंगीतात या प्रश्नाचं उत्तर फार आधीपासून आहे, असं मला वाटतं. पावसाळ्याला मल्हाराचे प्रकार आहेत, वसंताला बसंत आणि बहार आहेत, आणि हे ऋतूंचे राग आपापल्या मोसमात कुठल्याही प्रहरी गायले तरी चालतात. उन्हाळ्याच्या वाट्याला असं काही आलेलं नाही. जुने ग्रंथ ग्रीष्मासाठी दीपकाचं नाव घेतात खरे, पण मैफलीत तो जवळजवळ ऐकायलाच मिळत नाही. मग भर उन्हात काय गातात? सारंग. वृंदावनी, शुद्ध, मधमाद, जो हवा तो घ्या. आणि सारंग हा ऋतूचा राग नाही, दुपारचा आहे. दुपार कलली की भीमपलासी आणि मुलतानी, सूर्य बुडताना मारवा. म्हणजे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच उकाडा सोसला त्यांनी उन्हाळ्याचा हिशेब प्रहरांवर सोपवला. तुम्ही रागसंगीत ऐकत नसलात तरी ही मांडणी उचलायला काहीच हरकत नाही.

आता दुपार. सगळ्यांत अवघड वेळ हीच, आणि तुम्ही घरी असता तीही हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

दुपारी ‘काहीतरी संथ लावा’ असा सल्ला सगळे देतात. माझा अनुभव वेगळा आहे. उकाड्यात त्रास लयीचा होत नाही, गर्दीचा होतो. चाळीस व्हायोलिनं, त्यावर घुमारा, त्यावर कोरस असं भरगच्च काही कितीही संथ असलं तरी दुपारी ते अंगावर येतं. याउलट ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ घ्या. क्युबातल्या हवानामधल्या एका जुन्या स्टुडिओत १९९६च्या मार्चमध्ये सहा दिवसांत मुद्रित झालेला आणि पुढच्या वर्षी बाजारात आलेला हा अल्बम. त्यातली बरीच गाणी चांगली ठेक्याची आहेत, वाद्यंही कमी नाहीत. पण मोठ्या खोलीत माणसं अंतर राखून बसली आहेत आणि मधली हवा ऐकू येते, असं ते मुद्रण आहे. गिटार संपते कुठे आणि ट्रम्पेट सुरू होतं कुठे हे डोळे मिटून सांगता येतं. असं मोकळं मुद्रण दुपारी दमवत नाही. वृंदावनी सारंगातही मला हेच जाणवतं: गंधार आणि धैवत हे दोन्ही स्वर वगळल्यामुळे स्वरांच्या मधे ऐसपैस जागा राहते.

मग विरळ वाजणारं काहीही चालेल का? नाही, कारण इथे पंखा आडवा येतो. पंख्याचा आवाज आपल्याला जाणवेनासा होतो, पण तो तिथेच असतो आणि संगीतातलं हळू आणि खालचं जे जे असतं ते गिळत राहतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाची सुरुवात आठवा. तानपुरा, मंद्रातला षड्ज, मधले लांब श्वास. पंखा चारवर असताना यातलं निम्मं तुमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून तुम्ही आवाज वाढवता. वीस मिनिटांनी द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू होते, तबला कडाडतो, आणि तुम्ही धावत जाऊन आवाज कमी करता. दोष गायकाचा नाही आणि स्पीकरचाही नाही. ज्या संगीतात अगदी हळू आणि अगदी मोठं यांच्यातलं अंतर फार आहे ते पंख्याखाली ऐकण्यासारखं नसतं, एवढंच. पाश्चात्त्य सिंफनीचंही असंच होतं. असे अल्बम पहाटेसाठी राखून ठेवा.

थोडक्यात, दुपारसाठी दोन अटी: वाद्यं मोकळी, आणि आवाजाची पातळी साधारण एकसारखी. या दोन्ही एकत्र पाळणारे अल्बम मिळायला वेळ लागतो. मला सापडलेलं सगळ्यांत चोख उदाहरण म्हणजे ‘गेट्झ/जिल्बर्तो’. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित झाला, १९६४ मध्ये आला आणि १९६५च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. त्याचं पहिलंच गाणं पंखा चालू ठेवून नीट ऐका. जुआंव जिल्बर्तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो, पण माइकच्या इतका जवळ आहे की शब्दांच्या कडा स्पष्ट लागतात. नायलॉनच्या तारांची गिटार एकच ठेका धरून चालते, ढोल-झांजा ब्रशनं घासल्यासारख्या मागे. मग अस्त्रूद जिल्बर्तो इंग्रजीतून गाते, तिनंही आवाज चढवलेला नाही. मग स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन येतो, तो बऱ्यापैकी मोठा आहे, तरी दचकायला होत नाही. हळुवार आहे, पण हरवत नाही. अख्खा अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा, त्यामुळे संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावावासा वाटतो.

आणखी एक फायदा. यातली बरीचशी गाणी पोर्तुगीजमध्ये आहेत. काम करताना कळणाऱ्या भाषेतलं गाणं लावलं की डोकं शब्दांमागे जातं, विशेषतः लिहिण्या-वाचण्याचं काम असेल तर. न कळणाऱ्या भाषेतला आवाज एखाद्या वाद्यासारखा होऊन जातो. म्हणून तुमच्या आवडत्या भावगीतांचे अल्बम कितीही सुरेख असले तरी कामाच्या वेळेत ठेवू नका. कवितेवरही अन्याय, कामावरही.

ज्यांना दुपारी संगीताकडे लक्षच द्यायचं नाही, नुसतं असू द्यायचंय, त्यांच्यासाठी ब्रायन ईनोचा १९७८चा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ आहे. वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या फेऱ्या एकमेकींवरून सरकत राहतात, त्यामुळे तेच ते सूर पुन्हा येतात पण त्याच जागी येत नाहीत. काहींना याची झोप येते. ती आली तर दुपारी तेही काही वाईट नाही.

संध्याकाळ आणि पहाट यांचं तेवढं कोडं नाही. सूर्य कलला की अंगात जीव येतो आणि तेव्हा ठेका हवा असतो. बॉब मार्लीचा १९७७चा ‘एक्सोडस’ मी इथे ठेवतो, पण सबंध नाही. त्याच्या पहिल्या बाजूवर श्रद्धेची आणि लढ्याची गाणी आहेत, दुसऱ्या बाजूवर प्रेम आणि निवांतपणा. दोन बाजू म्हणजे जणू दोन वेगळ्या वेळा. एलपीच्या काळातल्या अल्बममध्ये हे अनेकदा सापडतं, कारण एका बाजूला साधारण २२ मिनिटंच मावत आणि करणारे प्रत्येक बाजूचा आरंभ-शेवट विचार करून ठरवत. १९५५ साली अली अकबर खाँची जी एलपी पश्चिमेत निघाली तिचं तर नावच ‘मॉर्निंग अँड ईव्हनिंग रागाज’, एका बाजूला सकाळ आणि दुसरीला संध्याकाळ. तेव्हा अल्बम वेळेच्या कप्प्यात बसत नसेल तर त्याची एक बाजू बसते का बघा. संग्रहात अर्धा अल्बम ठेवायला कुणाची ना नाही.

पहाटेला खिडक्या उघड्या, पंखा बंद किंवा मंद, रस्ता शांत. उन्हाळ्यातली ऐकण्याची सगळ्यांत चांगली वेळ, आणि बहुतेक लोक ती झोपेत घालवतात. दुपारी ज्यांना दार बंद केलं ते सगळे आलाप, सिंफनी, एकट्या पियानोचे किंवा सतारीचे अल्बम इथे आणा.

एक अल्बम या सगळ्या मांडणीला पुरून उरतो. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात संतूर, बासरी आणि गिटार यांवर उभा केलाय. अहिर भैरवानं उजाडतं आणि पहाडीपर्यंत रात्र होते. हा सकाळी लावावा की रात्री, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. कप्पे करण्याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी हा एकच घेतला तरी उन्हाळा निघेल.

रात्रीचं आणि बाल्कनीचं थोडं तांत्रिक आहे. रात्री आपण आवाज कमी ठेवतो, शेजारी झोपलेले असतात. पण आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे सूर इतर सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. त्यात बाल्कनी उघडी, भिंती नाहीत, त्यामुळे खोलीत भिंतींकडून मिळणारा आधारही जातो. म्हणून ज्या अल्बमचा सगळा जीव ढोल आणि बासमध्ये आहे तो रात्री बाल्कनीत पोकळ वाटतो. मधल्या पट्टीत रंगणारं संगीत निवडा: माणसाचा आवाज, सॅक्सोफोन, सरोद, गिटार. स्पीकर कठड्यावर ठेवू नका, घराच्या भिंतीला टेकवून आणि जमलं तर कोपऱ्यात ठेवा. खालचे सूर बरेच परत येतात. आणि तो तुमच्या जवळ ठेवा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलनं उतरते, त्यामुळे हाताच्या अंतरावर असलेला छोटा स्पीकर लांबच्या मोठ्या स्पीकरपेक्षा बरा ऐकू येतो, आणि शेजाऱ्यांपर्यंत कमी पोचतो.

असा छोटा स्पीकर असेल तर स्टीरिओची हौस सोडून द्या. डावं-उजवं त्यात फारसं उरत नाही. जे अल्बम मुळात मोनोत, म्हणजे डावं-उजवं न करता एकाच वाटेनं, बांधले गेले ते इथे खुलतात. वर सांगितलेला ‘पेट साउंड्स’ हा त्यातलाच, बीच बॉईजच्या ब्रायन विल्सननं तो मोनोतच मिसळला होता आणि स्टीरिओ आवृत्ती यायला १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. १९५०-६० च्या दशकांतली अनेक मुद्रणं बाल्कनीत चांगली का वाजतात याचं एक कारण हेच.

आता परीक्षा कशी घ्यायची. अल्बम ज्या वेळेसाठी घ्यायचा आहे त्याच वेळी, त्याच जागी, पंखा नेहमीच्या आकड्यावर ठेवून सलग लावा. आवाज एकदा ठरवला की बदलायचा नाही. आवाजाच्या बटणाकडे हात किती वेळा गेला तेवढं लक्षात ठेवा. दोनदा गेला तर तो अल्बम त्या वेळेचा नाही. मग उठून शेजारच्या खोलीत जा आणि तिथून दोन गाणी ऐका, कारण उन्हाळ्यात माणूस एका जागी बसत नाही; तिथून चाल ओळखू येत असेल तर पुढे जायला हरकत नाही. मी एका वहीत ओळभर टिपून ठेवतो. उदाहरणार्थ, ‘दुपार, पंखा ४, आलाप गेला, पहाटे बघणे’. किंवा ‘रात्र, बाल्कनी, बास गायब, गळा छान’. निवड चांगली होते ती या वहीमुळे. पुढच्या वर्षी आठवणीवर भरवसा ठेवावा लागत नाही.

हेडफोनवर ऐकत असाल तर हे सगळं थोडं बदलतं. कान पूर्ण झाकणारे हेडफोन पंख्याचा आवाज अडवतात, पण दुपारी अर्ध्या तासात कानाभोवती घाम येतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये हवा खेळते आणि पंखाही आत येतो, मग लोक आवाज चढवत नेतात. कानासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांना सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि पातळी चढली की तास झपाट्यानं घटतात. तुम्ही तर कामाचे सगळे तास ऐकणार. तेव्हा दुपारी कानात घट्ट बसणारे छोटे इअरफोन कमी आवाजात, किंवा सरळ स्पीकर.

किती अल्बम? ५० खूप झाले. अल्बम अंगवळणी पडायला तो पाच-सहा वेळा तरी सबंध ऐकावा लागतो. त्याआधी एक गाणं संपतानाच पुढच्याचा सूर मनात उमटायला लागत नाही, आणि अल्बमची खरी मजा तिथेच आहे. तीन महिन्यांत तुम्ही ५० अल्बम प्रत्येकी सहा वेळा ऐकणार नाही. डझनभरापासून सुरू करा. त्यातले निम्मे दुपारचे, कारण तेच सगळ्यांत जास्त वाजणार आणि तेच सगळ्यांत लवकर शिळे होणार. बाकीचे पहाट, संध्याकाळ, रात्र यांत वाटून. यात दोन जागा तुमच्या स्वतःच्या जुन्या उन्हाळ्यांसाठी सोडा: शाळेच्या सुट्टीत घरात जे वाजायचं ते, मग ते कसंही मुद्रित झालेलं असो. त्याला परीक्षा लागू नाही. दोन जागा दरवर्षी पूर्ण नव्या अल्बमला. आणि मोसम संपला की हा कप्पा बंद करा, थंडीत त्याला हात लावू नका. मल्हार बारा महिने कानावर पडला असता तर पहिल्या पावसात त्याचं एवढं अप्रूप वाटलं असतं का?

हे आकडे परिस्थितीप्रमाणे हलतील. घरात लहान मूल असेल तर पहाटेचा कप्पा विसरा. एसी असेल तर खिडक्या बंद असतात, आवाज एकसुरी असतो आणि विलंबित ख्यालही दुपारी ऐकता येतो. कूलरचा आवाज पंख्याहून जास्त संगीत गिळतो. कुटुंबासोबत ऐकत असाल तर तुमच्या आवडीपेक्षा कुणाला काय खपत नाही हे आधी विचारा.

एलपी की स्ट्रीमिंग, यावर माझं स्पष्ट मत: शोधायला स्ट्रीमिंग, ठेवायला विकत घेतलेली फाइल किंवा सीडी, आणि एलपी फक्त त्या दोन-चार अल्बमच्या ज्यांच्याशी तुमचं काही नातं आहे. एलपी मला प्रिय आहेत, पण उन्हाळा त्यांचा वैरी आहे. विनाइल साधारण ६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड त्याच्याही पुढे जातो. रेकॉर्ड एकदा वाकडी झाली की ती सरळ करण्याचे घरगुती उपाय बहुधा उरलीसुरलीही बिघडवतात. खिडकीच्या उन्हापासून लांब, उभ्या, एकमेकींना टेकून पण दाबून नाही, अशा ठेवा. आडव्या चळतीत तळच्या रेकॉर्डवर सगळा भार येतो. शिवाय हातानं बाजू बदलायला दर वीस मिनिटांनी उठावं लागतं, हे कामाच्या दुपारी जमत नाही. रात्री मात्र तेच बरं वाटतं.

स्ट्रीमिंगची अडचण वेगळी. परवाने संपले की अल्बम न सांगता निघून जातो, आणि एकाच अल्बमच्या चार आवृत्त्या समोर असतात. आवृत्ती बघून घ्या. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९चा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा माझ्या रात्रीच्या कप्प्यातला पहिला अल्बम. मुद्रणाच्या वेळी एक टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना अनेक वर्षं जरा चढ्या पट्टीत ऐकल्या गेल्या. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. वाद्य घेऊन सोबत वाजवणाऱ्याला हा फरक लगेच बोचतो. सीडीच्या दर्जाच्या, काही न गाळता आकसलेल्या एफएलएसी फाइलमध्ये ४५ मिनिटांचा अल्बम साधारण २५० ते ३०० एमबी होतो, म्हणजे तुमचा डझनभर अल्बमचा सगळा संग्रह एका लहानशा मेमरी कार्डावर मावेल आणि दुसऱ्यावर त्याची प्रतही राहील. फोनवर ऐकणार असाल तर आधी डाउनलोड करून ठेवा. भर दुपारी मोबाइल डेटावर सतत स्ट्रीम करत राहिलं की फोन आणखी तापतो, आणि आयफोनसाठी तर कंपनीनंच वापराची मर्यादा ३५ अंशांपर्यंतची सांगितली आहे.

अ‍ॅपमध्ये चार गोष्टी आजच करा. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमानं वाजवणारी सोय, बंद. क्रॉसफेड बंद, म्हणजे एका गाण्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जाणार नाही. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी सुरू करणारी सोय बंद. शेवटच्या सुरानंतरची शांतता अल्बमचाच भाग आहे. आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय असेल तर ती गाण्यागणिक न ठेवता अल्बमगणिक ठेवा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं बाकीच्यांइतकंच मोठं होऊन बसतं. बोनस ट्रॅकही काढून टाका. ‘डिलक्स’ आवृत्तीत मूळ शेवटानंतर त्याच गाण्याचे तीन अर्धवट प्रयत्न जोडलेले असतात. अभ्यासाला ठीक, रात्री ऐकायला नाही.

सुरुवात दुपारपासून करा, कारण तुमचा कंटाळा तिथेच सुरू होतो. जुनी प्लेलिस्ट पुसू नका. त्यातल्या कुठल्या गाण्यावर तुम्ही कधीच ‘पुढचं’ दाबत नाही ते बघा, आणि ती गाणी ज्या अल्बममधली आहेत ते अल्बम पंख्याखाली एकेक लावून बघा. माझ्या नावांपेक्षा तुमचे पहिले सहा अल्बम तिथून निघण्याची शक्यता जास्त. पंखा छताचा आहे की टेबलाचा, आणि स्पीकर कुठला, हे कळवलंत तर दुपारसाठी आणखी नेमकं सुचवता येईल.